साहेबांच्या विचारांचे मूळ मालक

निवडणूक जाहीर झाली त्याच संध्याकाळी साहेब मुद्देसूदरावांच्या घरी आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले, चहा प्यायले, बिस्किटं संपवली आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "तुमच्या साडूंचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?"

साहेब म्हणजे त्या भागाचे आमदार. आणि मुद्देसूदराव म्हणजे साहेबांची भाषणं लिहिणारा माणूस. हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण बोलताना दर दोन वाक्यांनंतर "मुद्दा असा आहे की" म्हणायची सवय असलेल्या माणसाचं पाळण्यातलं नाव लोक फार काळ लक्षात ठेवत नाहीत. दिवसा ते विमा कंपनीत दावे फेटाळल्याची पत्रं लिहायचे. ही पत्रं इतकी सुरेख असत, की दावा फेटाळला गेलेली माणसं आभाराचं उत्तर पाठवत. असा माणूस साहेबांना सापडला, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रचारात साहेबांच्या तोंडून जे काही बाहेर पडलं, ते आधी मुद्देसूदरावांच्या जेवणाच्या टेबलावर जन्माला आलेलं होतं. घर आणि शेजार सोडला तर ही गोष्ट बाहेर कुणाला माहीत नव्हती. मुद्देसूदरावांना त्याचं काही वाटत नसे. म्हणजे वाटे, पण भरल्या सभेत आपल्या वाक्याला टाळी पडली की शेवटच्या रांगेत बसून नम्रपणे खाली मान घालण्यात जे सुख आहे, ते त्यांना पुरत होतं.

आता साहेबांना साडूचा नंबर हवा होता.

"कशाला हो?" मुद्देसूदरावांनी आवाज शक्य तितका सरळ ठेवत विचारलं.

"आता सगळं मोबाइलवर आलंय म्हणतात. रील की काय ते. आपल्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या ताई तर रोज सकाळी दात घासतानाही लोकांशी बोलतात. आपलंही काहीतरी पाहिजे."

मुद्देसूदरावांनी नंबर दिला. एकेक आकडा सुटा सुटा करून सांगितला. साहेबांनी तो दोनदा चुकीचा लिहिला. मुद्देसूदरावांनी दोन्ही वेळा दुरुस्त केला. प्रामाणिकपणा हा एक रोग आहे आणि त्यावर औषध नाही.

हा साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्नाचे फोटो काढायचा. बोहल्यावरच्या नवऱ्यामुलापासून पंगतीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना "फोकस इकडे, फोकस इकडे" असं ओरडून ओरडून त्याचं नाव फोकस पडलं होतं. वयाने लहान, अंगाने सडपातळ, डोक्यावर केस. सासूबाईंना तो विशेष आवडे. सासूबाईंचा एका खास कोनातून फोटो काढला की त्यांची हनुवटी एकच दिसते, हा शोध त्याने लावला होता; आणि असा शोध लावणाऱ्या जावयापुढे शुद्धलेखन येणारा जावई काय टिकणार!

पहिली सभा झाली. मुद्देसूदरावांनी भाषणात जीव ओतला होता. 'लोकशाही म्हणजे उंबरठ्याच्या आत येऊन विचारपूस करणारं राज्य' हे वाक्य तर त्यांनी कचेरीत एका बुडालेल्या गोदामाचा दावा फेटाळता फेटाळता सुचलं म्हणून हातावर लिहून आणलं होतं. सभेत टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहाबरोबर मोबाइल पुढे धरला.

"अहो, हे बघा. फोकसरावांनी टाकलंय. काय दिसतायत साहेब!"

साहेब व्यासपीठावर होते. अत्यंत संथ गतीने हात वर नेत होते. उरलेसुरले केस वाऱ्यावर उडत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आणि मागे ढोल, बासरी आणि कुणीतरी पुरुष 'हो हो हो' असं गात होता. भाषणाचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

"आवाज कुठाय?" मुद्देसूदराव म्हणाले.

"हा काय, किती मोठा आहे!"

"साहेबांचा आवाज म्हणतोय मी."

"असू दे हो. किती छान बोलतायत."

"ऐकू आल्याशिवाय छान बोलतायत हे कसं कळलं तुला?"

"चेहऱ्यावरून कळतं की," बायको म्हणाली आणि तिने त्या ढोलबासरीला एक लाल बदाम देऊन टाकला. मुद्देसूदराव तो बदाम बघतच राहिले. संसारात इतकी वर्षं घातलेल्या माणसाला असला बदाम कधी मिळाला होता, ते त्यांना आठवेना.

तरी हे काहीच नव्हे. पुढच्या आठवड्यात साहेब न्हाव्याच्या खुर्चीत दिसले. तोंडाला फेस, गळ्याला टॉवेल. न्हाव्याने वस्तरा लावायच्या आत साहेब कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "दाढी आणि विकास, रोज करावा लागतो!" आणि हसले. झालं. एवढंच. ते वाक्य वणव्यासारखं पसरलं. विमा कचेरीत शिपाई एकमेकांना ते म्हणायला लागले. भाजीवाला म्हणायला लागला. सासूबाईंनी, ज्यांचा दाढीशी काहीही संबंध नव्हता, फोन करून ते वाक्य पूर्ण म्हणून दाखवलं आणि वर म्हणाल्या, "आमच्या फोकसला सुचलं हो ते. जागच्या जागी!"

"व्याकरणदृष्ट्या चूक आहे ते," मुद्देसूदराव म्हणाले. "दाढी स्त्रीलिंगी, विकास पुल्लिंगी. 'करावा लागतो' हे एकट्या विकासाला लागू पडतं. दाढी तशीच राहते."

मग सासूबाई म्हणाल्या, "जेवलात का?"

त्या रात्री मुद्देसूदरावांना जेवण गेलं नाही. हेवा वाटतोय असं त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. ते म्हणाले, मला चिंता वाटतेय, समाजाची, भाषेची. हेवा जेव्हा मध्यमवर्गीय घरात येतो, तेव्हा तो समाजाच्या चिंतेचा सदरा घालूनच येतो. पण अंथरुणावर पडल्यावर मात्र डोळ्यांपुढे समाज आला नाही. साहेबांच्या गाडीत, साहेबांच्या शेजारी, पूर्वी आपण बसायचो त्या जागेवर बसलेला साडूच आला.

दुसऱ्या दिवशी दाढ दुखायला लागली. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर होते. त्यांना दातांपेक्षा राजकारणात जास्त गती होती, आणि रोगी उलट बोलू शकत नसल्यामुळे त्यांची सगळी मतं बिनविरोध मंजूर होत.

"तुम्ही मोबाइलवर स्वतःचं पान काढा," डॉक्टर मुद्देसूदरावांच्या तोंडात आरसा घालून म्हणाले. "साडूने फेस दाखवला, तुम्ही विचार दाखवा. लोकांना विचार हवाय. हवाय ना?"

"आँ," मुद्देसूदराव म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

समोरच्या काकूंचं मत जरा वेगळं पडलं. "विचाराबरोबर मांजर टाका," त्या म्हणाल्या. "मी मांजराशिवाय काही बघत नाही. आमची देते हवी तर."

मुद्देसूदरावांनी मांजर नाकारलं आणि 'साहेबांचे विचार' या नावाचं पान उघडलं. रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी एक विचार. पाणी आणि प्रशासन. रस्ता: एक नैतिक प्रश्न. विचार लांब असत, पण पूर्णविराम जागच्या जागी. आठवडाभरात या पानाला काही वाचक लाभले: डॉक्टर, काकू (मांजराची वाट बघत), आणि गॉगल विकणारा एक अनोळखी इसम, जो प्रत्येक विचाराखाली 'सुंदर, आमच्याकडेही भेट द्या' असं लिहून जाई. बायकोनेही एकदा पसंती दिली. पण ती बदामाची नव्हती. अंगठ्याची होती. अंगठा! बँकेत निरक्षर माणूस उठवतो तो.

"बदाम का नाही दिलास?" त्यांनी संध्याकाळी विचारलं.

"अहो, मथळा होता 'गटारांचा प्रश्न'. गटाराला बदाम कसा देणार?"

याला उत्तर शोधायला वेळ मिळाला नाही, कारण निवडणूक कार्यालयातून फोन आला. ताईंच्या लोकांनी तक्रार केली होती: हे पान विनापरवाना प्रचार करतंय. गॉगलवाला सोडून ते कुणी वाचतंय, आणि तेही विरोधी पक्षातलं, हे कळल्यावर मुद्देसूदरावांना आधी भीती वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं.

कार्यालय एका बंद पडलेल्या व्यायामशाळेत थाटलं होतं. भिंतीला अजून दोर लोंबत होते. रांगेत बराच वेळ उभं राहिल्यावर ते ज्या अधिकाऱ्यापुढे पोचले, त्याला सर्दी झाली होती आणि ती सर्दी त्याने मनाला लावून घेतली होती.

"पान कुणाचं?"

"माझं."

"नाव काय पानाचं?"

"साहेबांचे विचार."

"विचार कुणाचे?"

"म्हणजे... साहेबांचे."

"मग साहेबांचं संमतिपत्र लागेल. आणा."

साहेबांना पानाचा पत्ताही नव्हता. साडूमार्फत साहेबांकडे संमती मागायची म्हणजे त्यापेक्षा ते दोर बरे. मुद्देसूदराव घाईघाईने म्हणाले, "तसं पाहिलं तर ते मी लिहितो."

"म्हणजे विचार तुमचे?"

"मुद्दा असा आहे की—"

"मुद्दा नको. तुमचे असतील तर पानाला 'साहेबांचे विचार' हे नाव खोटं. मतदारांची दिशाभूल. पान बंद." अधिकारी शिंकला. "साहेबांचे असतील तर तुम्ही ते परवानगीशिवाय वापरताय. पान बंद. आता सांगा, कुठल्या कारणाने बंद करू?"

"अहो, पण विचार चांगले आहेत!"

"विचार बरा आहे की वाईट, ते आमच्याकडे बघत नाहीत. मालक कोण, एवढंच बघतात."

आणि इथे मुद्देसूदरावांच्या आत काहीतरी तुटलं. इतक्या वर्षांची शेवटची रांग, ढोलबासरी, दाढी, गाडीतली जागा, अंगठा, सगळं एकदम वर आलं. ते टेबलावर हात आपटून अशा आवाजात ओरडले, की व्यायामशाळेचे दोर हलले.

"मी आहे मालक! साहेबांचे सगळे विचार माझे आहेत! आजवर त्यांनी एक विचार स्वतः केलेला नाही! उंबरठ्याचं वाक्य माझं, पाण्याचं माझं, मागच्या वेळी बायका रडल्या ते भाषणसुद्धा माझं! फक्त ती दाढी माझी नाही!"

मुद्देसूदराव वळले. रांगेत त्यांच्या मागे उभा असलेला ताईंचा कार्यकर्ता हातातला मोबाइल सावकाश खाली घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा भाव होता.

घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बायको दारातच उभी. तिच्या हातातल्या मोबाइलमध्ये मुद्देसूदराव टेबलावर हात आपटत होते. ताईंनी वर एकच ओळ टाकली होती: 'विचार उसने, नेता कशाला?' मग कुणीतरी त्याला ताल दिला. 'मी आहे मालक' वर ढोल, 'दाढी माझी नाही' वर झांजा. कॉलेजच्या पोरी त्यावर नाचल्या. दाढीचा विक्रम संध्याकाळच्या आत मोडला.

मुद्देसूदराव खुर्चीत कोसळले. साहेब बुडाले, आपण बुडवले, कचेरीत तोंड दाखवायला जागा नाही, हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि तरी, माणसाचं मन किती नालायक असतं बघा, ते दर थोड्या वेळाने बायकोला विचारत होते, "आता किती जणांनी बघितलं?"

"हे काय केलंत हो तुम्ही?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "साहेब आपल्या घरी येतात, जेवतात. असं मनात होतं तर त्यांनाच सांगायचंत. नाहीतर मला."

तेवढ्यात बेल वाजली. साडू होता. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला. तो तडक आत येऊन बसला. मुद्देसूदरावांना वाटलं, आता हा दोन शब्द सुनावणार, आणि सुनावण्याचा त्याला अधिकार आहे. पण साडू म्हणाला, "दादा, कुणी घेतला हो तो व्हिडिओ?"

"ताईंच्या माणसाने."

"काही प्रकाश नाही. अँगल चुकलेला. अर्ध्या फ्रेममध्ये दोर!" साडूचा आवाज भरून आला. "मी इथे महिनाभर दिवे घेऊन हिंडतोय, साहेबांचे केस विंचरतोय, आणि तुम्ही नुसते ओरडता काय, आणि... आमच्या हिनेसुद्धा बदाम दिला तुम्हाला."

मुद्देसूदरावांना हे ऐकून इतकं बरं वाटलं, की त्यांनी साडूला पाणी दिलं.

"आणि खरं सांगू का दादा? साहेब गाडीत रोज मला ऐकवतात. फोटो ठीक आहेत तुझे, पण बोलायचं म्हटलं तर मुद्देसूदच पाहिजेत. रोज! मला वाटायचं, एकदा तरी ते म्हणतील की फोकसशिवाय चालत नाही."

"ते असं म्हणतात?"

"दिवसातून दोनदा."

स्वयंपाकघरातून बायकोने "धन्य आहे" असं काहीसं म्हटल्याचं दोघांनाही ऐकू आलं. दोघांनीही ते दुसऱ्याला उद्देशून आहे असं मानलं.

मग साहेबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "सकाळी येतो. साडूंनाही थांबवा. जे काय झालंय ते निस्तरू."

सकाळी दिवाणखान्याचा स्टुडिओ झाला. काकूंनी पडदा दिला आणि मांजर आपोआप आलं. डॉक्टर मागे पुस्तकांच्या कपाटाशी सहज उभं राहिल्यासारखे उभे राहिले. साडूने त्यांना तिथून काढलं की ते दुसऱ्या बाजूने फ्रेममध्ये येत. मुद्देसूदरावांनी साहेबांसाठी निवेदन तयार ठेवलं होतं. उत्कृष्ट झालं होतं. पश्चात्ताप, विनम्रता, लोकशाही, आणि शेवटी उंबरठा. असं निवेदन वाचून साहेबांनी गुन्हा केला असता तरी लोकांनी त्यांना सोडलं असतं.

साहेब आले. मुद्देसूदराव उठून उभे राहिले. "साहेब, मी—"

"नंतर," साहेब म्हणाले. रागावले होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. ते खुर्चीवर बसले, कागद हातात घेतला, चष्मा लावला.

"साहेब, चष्मा काढा," साडू म्हणाला. "दिवा चमकतोय त्यात."

"चष्मा काढला तर वाचता येणार नाही," मुद्देसूदराव म्हणाले.

"चष्मा ठेवला तर डोळे दिसणार नाहीत. डोळ्यांशिवाय माफी कशी दिसणार, दादा?"

"माफी दिसायची नसते. ऐकायची असते!"

"दिवा जरा बाजूला घ्या," डॉक्टरांनी कपाटाजवळून सुचवलं.

"तुम्ही दात बघा हो!" दोघं साडू एकदम म्हणाले.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला, कागद घडी करून टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, "चालू आहे का ते? असू दे चालू."

आणि ते कॅमेऱ्याकडे, म्हणजे साधारण त्या दिशेला बघून बोलायला लागले.

"मला बोलता येत नाही. लहानपणी मी अडखळायचो. शाळेत हसायचे. अजूनही राग आला किंवा वाईट वाटलं की शब्द सापडत नाही. हे गृहस्थ मला शब्द देतात. ते म्हणाले ते खरं आहे." ते थांबले. खरंच शब्द सापडत नव्हता. "पण मागच्या वर्षी तुमच्या घरात गटाराचं पाणी शिरलं, तेव्हा पँट वर करून त्या गटारात उतरलो तो मीच होतो. ते काही मी यांच्याकडून लिहून घेतलं नव्हतं."

बस. एवढंच बोलून ते उठले. मांजर मध्येच त्यांच्या मांडीवर येऊन बसलं होतं, ते त्यांनी हळूच खाली ठेवलं. जाताना दारात ते मुद्देसूदरावांजवळ थांबले आणि म्हणाले, "तुमचं नाव मीच घ्यायला हवं होतं. आधीच. राहून गेलं."

मुद्देसूदरावांना गहिवरून आलं. पण साहेबांची गाडी वळते न वळते तोच त्या गहिवराच्या तळाशी दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. 'ते काही मी यांच्याकडून लिहून घेतलं नव्हतं.' काय वाक्य आहे! साधं, नेमकं, एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. हे आपल्याला का नाही सुचलं? त्यांनी साडूकडे बघितलं. साडू रेकॉर्डिंग बघत होता. "दादा," तो खिन्नपणे म्हणाला, "इतके डोळे बोललेत, आणि मी दिवासुद्धा नीट लावला नव्हता."

साहेब निवडून आले. काठावर, पण आले. ते गटाराचं वाक्य भिंतींवर चढलं, आणि बायकोने त्याला बदाम दिला. गटाराला.

विजयसभेत साहेब म्हणाले, कागद नको, कॅमेराही नको. मी माझं मीच बोलणार. स्वतःच्या शब्दांची चव लागली होती त्यांना. मुद्देसूदराव आणि फोकस शेवटच्या रांगेत शेजारी शेजारी बसले, हातात काहीही काम नसलेले. साहेब बोलले. बोलतच राहिले. शाळेपासून सुरू झाले आणि गटारावरून तीनदा गेले. पुढच्या रांगांतली माणसं चपला शोधायला लागली. दोन्ही साडूंच्या अंगावर मूठ मूठ मांस चढलं.

"लांबलंय," फोकस सुखाने म्हणाला.

"क्रियापद सापडत नाहीये," मुद्देसूदराव त्याहून सुखाने म्हणाले.

"आणि दादा, डोक्यावर कसा प्रकाश पडलाय बघा. नुसता भोपळा."

मग साहेब अडकले. "तुम्ही माझ्यावर जो..." म्हणाले आणि थांबले. "जो तुम्ही माझ्यावर..." हात हवेत. शब्द येईना. पुढे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला, आणि त्यांनी सगळ्या गर्दीवरून थेट शेवटच्या रांगेत बघितलं.

मुद्देसूदराव हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी घडी सोडली नाही. मान हलवली नाही. फक्त त्यांचे ओठ हलले.

"...विश्वास!" साहेब म्हणाले. "जो विश्वास टाकलात!" आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

फोकसने वळून बघितलं. "दिलात ना शब्द?"

"दिला नाही," मुद्देसूदराव टाळ्या वाजवत म्हणाले. "निसटला."